तीन दिवसांची सुट्टी: टाकी, गच्ची, कूलर आणि कुरडया एकाच वेळापत्रकात

२०२६ मध्ये १ मे शुक्रवारी येतो. महाराष्ट्र दिन, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी, आणि त्याच शुक्रवारी बुद्धपौर्णिमा. नाशिकच्या बहुतेक घरांत या तीन दिवसांवर दोन्ही बाजूंनी आधीच दावा लागलेला असतो. एकीकडे पावसाळ्याआधी उरकायची कामं: टाकी, गच्चीची भेग, कूलर, गळका नळ. दुसरीकडे मिसळ, आमरस, वाळवणं आणि कुठेतरी भटकून येणं. रविवारी संध्याकाळी दोन्ही अर्धवट राहतात, आणि याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, क्रम चुकलेला असतो.

घरच्या कामात प्रत्यक्ष हात चालवायचा वेळ थोडा असतो. बाकी सगळा वेळ भिजण्यात, वाळण्यात आणि निवळण्यात जातो. गच्चीच्या भेगेत भरलेल्या फिलरला २४ तास, कूलरच्या पंपाला तासभर, कुरडईच्या गव्हाला तीन दिवस, चिकाला एक रात्र. ही थांबायची कामं आधी लावून दिली की मधले तास मोकळे मिळतात, आणि त्या तासांत मनाला टोचणी न लावता मजा करता येते. खालचं सगळं वेळापत्रक याच हिशेबावर बसवलं आहे.

हे रो-हाउस, बंगला किंवा स्वतःची गच्ची आणि टाकी असलेल्या घरासाठी आहे. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये टाकी आणि गच्ची सोडून द्या. नळ, कूलर आणि कुरडया तिथेही जमतात.

मंगळवार ते गुरुवार: सुट्टीआधीची तयारी

मंगळवारी रात्री १ किलो लोकवन गहू निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. गव्हाच्या वर चार बोटं पाणी हवं. बुधवारी आणि गुरुवारी रात्री आणि शुक्रवारी सकाळी पाणी बदला. मे महिन्याच्या उकाड्यात हा नियम मोडला तर गहू आंबून उग्र वास सुटतो, आणि तो वास तळलेल्या कुरडईतही राहतो. भांडं ओट्याखाली सावलीत ठेवा. पाण्यावर थोडा फेस आला तर घाबरायचं कारण नाही. फक्त पाणी काळपट किंवा बुळबुळीत होता कामा नये.

गुरुवारी संध्याकाळी खरेदी उरका. सुट्टीत हार्डवेअरचं दुकान उघडं असेल या भरवशावर राहू नका, रविवारी दुपारनंतर तर नाहीच. यादी अशी: टेफ्लॉन टेपचे दोन रोल, अर्ध्या इंची नळाचे वायसर, गच्चीसाठी पॉलिमर क्रॅक फिलर १ किलो, अ‍ॅक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंग १ लिटर, फायबर जाळीची पट्टी, दोन इंची ब्रश, तारेचा ब्रश, पुट्टीची पाती, लांब दांड्याचा नायलॉन ब्रश, ताजी ब्लिचिंग पावडर १०० ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड ५० ग्रॅम, रबरी हातमोजे. ब्लिचिंग पावडर पाकिटावरची तारीख पाहूनच घ्या. जुनी, ओलसर होऊन गोळा झालेली पावडर पांढरी माती म्हणूनच वापरावी लागते.

दुकानात जाण्याआधी गळणारा प्रत्येक नळ एकदा नीट पाहा. चार-पाच फेरे फिरणारा जुन्या पद्धतीचा नळ असेल तर आत वायसर असतो. पाव फेऱ्यात बंद होणारा असेल तर आत सिरॅमिक चकत्यांची नळकांडी असते, तिला दुकानात ‘कार्ट्रिज’ किंवा ‘स्पिंडल’ म्हणतात. तिचे दात आणि लांबी कंपनीप्रमाणे बदलते. त्यामुळे अंदाजानं आणलेली हमखास परत न्यावी लागते. जुनी काढून सोबत नेणं हाच उपाय, आणि ते गुरुवारीच करा. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटांत ती निघते. दुकानातून परत येईपर्यंत व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा.

गुरुवारी रात्री मोटर लावू नका. टाकी वापरून खाली येऊ द्या. पिण्याचा एक हंडा आणि दोन बादल्या मात्र भरून ठेवा.

शुक्रवार पहाट: आधी भेग, मग टाकी

टाकी शुक्रवारीच का, हे आधी सांगायला हवं. पाइपलाइन किंवा पंपिंगच्या कामासाठी महापालिका पाणीपुरवठा बंद ठेवते तेव्हा तो दिवस बऱ्याचदा शनिवार असतो, आणि मग रविवारी सकाळी पाणी कमी दाबानं येतं. शनिवारी रिकामी केलेली टाकी सोमवारपर्यंत रिकामीच राहू शकते. गुरुवारी पेपरात किंवा महापालिकेच्या सूचनेत एकदा पाहून घ्या, आणि आपल्या भागात पाणी येण्याची वेळ धरून उलटा हिशेब करा. पाणी संध्याकाळी येत असेल तर सकाळचा वेळ आरामात मिळतो. सकाळी लवकर येत असेल तर अंधार असतानाच सुरुवात करावी लागेल.

गच्चीवर सकाळी साडेपाच-सहाला पोहोचा. पहिलं काम भेगेचं, कारण ती कोरल्यावर उडणारी धूळ नंतर टाकीच्या पाण्यानं धुऊन निघते आणि दिवसभराचं ऊन भेग आतपर्यंत कोरडी करतं.

छताला आतून जिथे डाग आहे त्याच्या नेमक्या वरच भेग असेल असं धरू नका. पाणी उताराच्या दिशेनं दोन-चार फूट सरकून उतरतं. डागापासून गच्चीच्या चढाच्या बाजूला शोधा, आणि कठड्याची भिंत गच्चीला मिळते तो सांधा व पावसाच्या पाइपाचं तोंड या दोन जागा आधी तपासा. बहुतेक गळती तिथूनच सुरू होते. भेग सापडली की छिन्नी-हातोडीनं तिला इंग्रजी ‘व्ही’ आकाराची ६ ते ८ मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल चर पाडा. वरवर फिलर फासला तर पहिल्या पावसाआधीच तो पापुद्र्यासारखा सुटतो, कारण पकडायला त्याला कड मिळालेली नसते. चर पाडून झाल्यावर तारेच्या ब्रशनं सुटा कण न् कण काढा.

कोरताना गंजलेली सळई दिसली, किंवा खोलीतल्या छताचं प्लॅस्टर फुगून पडत असेल, तर इथेच थांबा. ते काम सुट्टीत उरकण्यासारखं नाही, त्याला जाणकार माणूसच लागतो.

आता टाकी. १,००० लिटरची प्लास्टिकची टाकी धुवायला दोन माणसं आणि दोन तास लागतात.

काहीही करण्याआधी तीन गोष्टी बंद करायच्या. पहिला गीझर: टाकी रिकामी असताना तो चालू राहिला तर कॉइल जळते. दुसरी सोलर हीटरकडे जाणारी थंड पाण्याची लाइन: तिचा व्हॉल्व्ह बंद ठेवला की सोलरच्या नळ्या भरलेल्या राहतात. नळ्या रिकाम्या होऊन उन्हात तापल्या आणि भर दुपारी त्यांत गार पाणी शिरलं, तर काच तडकते. मे महिन्यात सोलरच्या नळ्या फुटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तिसरा, घरात उतरणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह: तो उघडा राहिला तर तळाचा गाळ सरळ नळांत आणि फ्लशच्या टाकीत जाऊन बसतो.

उरलेलं पाणी तळाच्या ड्रेनमधून सोडा. ड्रेन नसेल तर बादलीनं किंवा लहान पाइप लावून ओढून काढा. हे पाणी कोरलेल्या भेगेवरून वाहू द्या. माणसानं टाकीत उतरायचं नाही. तोंड लहान, हवा कमी, आणि पुढे ब्लिचिंगचा वास कोंडणार आहे. लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती आणि तळ घासा. बुळबुळीत थर निघेपर्यंत घासायचं. साबण किंवा डिटर्जंट अजिबात नको, प्लास्टिकला लागलेला फेस आठवडाभर पाण्यात येत राहतो. दोनदा स्वच्छ पाण्यानं खळखळून काढा.

मग १० लिटरच्या बादलीत दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, ब्लिचिंग पावडर घालून ढवळा आणि दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, तळाशी बसलेला चुना टाकून द्या. हे पाणी ब्रशनं टाकीच्या भिंतींना आतून सगळीकडे लावा आणि ३० मिनिटं तसंच राहू द्या. हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. संडास साफ करायचं अ‍ॅसिड या बादलीच्या जवळपाससुद्धा नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि जीव गुदमरतो. अर्ध्या तासानं पुन्हा दोनदा धुऊन ते पाणी ड्रेनमधूनच बाहेर काढा.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच. भरलेल्या टाकीत वरून पावडर टाकायची गरज नाही.

झाकण नीट बसतं का ते पाहा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बांधा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. धुतलेल्या टाकीला बोटभर फट उरली तर सकाळची सगळी मेहनत त्याच्याच कामी येते.

शुक्रवार सकाळ: टाकी रिकामी असतानाच नळ

मिसळ आता. मात्र सुट्टीच्या दिवशी साडेनऊनंतर गंगापूर रोड, मखमलाबाद किंवा त्र्यंबक रोडच्या प्रसिद्ध ठिकाणी जाऊ नका. मुंबई आणि गुजरातच्या गाड्यांच्या रांगेत तासभर जातो. घरातल्या एकानं आठ वाजता स्टीलचे दोन डबे घेऊन जवळच्या नेहमीच्या दुकानातून आणावी. रस्सा एका डब्यात, उसळ दुसऱ्यात, फरसाण, कांदा-लिंबू आणि पापड कोरडे वेगळे. रस्सा घरी उकळून मगच ताटात जमवायची. एकत्र बांधून आणलेल्या मिसळीचं दहा मिनिटांत भिजलेलं फरसाण होतं, आणि नाशिकच्या माणसाला ते खाववत नाही.

खाऊन झाल्यावर नळ. टाकी रिकामी आहे, म्हणजे वेगळा व्हॉल्व्ह शोधायची गरजच नाही. भरण्याआधीचा हाच वेळ साधायचा.

गळती किती आहे हे मोजायचं असेल तर आदल्या दिवशी नळाखाली १५० मिलिलिटरचा कप ठेवून पाहा. दहा मिनिटांत भरला तर दिवसाला २१ लिटरच्या वर पाणी जातंय.

जुन्या नळाची मूठ काढा, पान्यानं मुठीखालचा दांडा (स्पिंडल) उलटा फिरवून बाहेर घ्या, टोकाचा झिजलेला वायसर बदला. ज्या बैठकीवर वायसर टेकतो तिथे बोट फिरवून पाहा. खाच लागली तर नवा वायसरही महिन्याभरात गळेल, आणि तिथे अख्खा नळ बदलणं स्वस्त पडतं. कार्ट्रिजचा नळ असेल तर नवी घालण्याआधी आतला क्षार आणि वाळूचे कण पुसून काढा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत सिरॅमिक चकती खराब होते ती बहुधा याच कणांनी.

नळ पूर्ण बदलताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या टोकाकडून पाहिलं असता घड्याळाच्या दिशेनं गुंडाळा, ओढून धरत, १० ते १५ वेढे. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना तीच सुटून गोळा होते. बसवताना शेवटचा अर्धा फेरा सावकाश द्या. भिंतीतल्या प्लास्टिकच्या जोडाला जास्त जोर दिला की तो भिंतीच्या आत तडकतो, आणि मग टाइल फोडण्याशिवाय इलाज राहत नाही.

स्वयंपाकघरातलं सिंक तुंबत असेल तर तेही आत्ताच. खालच्या बाटलीसारख्या ट्रॅपखाली बादली ठेवून तो हातानं उघडा, साचलेलं काढा, रबरी रिंग नीट बसवून बंद करा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला छान असतो, पण तेलकट गठ्ठा त्यानं हलत नाही.

टाकी भरायला लागली की घरात उतरणारा व्हॉल्व्ह उघडा आणि प्रत्येक नळ पाच मिनिटं वाहू द्या, तोंडाची जाळी काढून. एखाद्या नळाला पाणीच येत नसेल तर लाइनमध्ये हवा अडकलेली असते. घरातला सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडा ठेवला की ती थोड्या वेळात फसफसत बाहेर पडते. गरम पाण्याच्या नळातून धार आल्याशिवाय गीझरचं बटण दाबायचं नाही. सोलरचा व्हॉल्व्ह सूर्यास्तानंतरच उघडा.

शुक्रवार दुपार: कूलर भिजतोय, घर झोपलंय

बारानंतर पारा ३८-३९ कडे जातो. आता कुणीही गच्चीवर जायचं नाही.

कूलरचा प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. पंप बाहेर घ्या, त्याच्या खालचं झाकण उघडून आतला छोटा पंखा बाजूला काढा. २ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून पंपाचं झाकण, पंखा आणि पाणी वर नेणारी नळी त्यात बुडवून ठेवा. मोटरचा भाग आणि वायर बाहेर. तासाभरात पांढरा क्षार मऊ पडतो आणि जुन्या टूथब्रशनं निघतो. वरच्या पाण्याच्या पन्हळीतली भोकं टाचणीनं मोकळी करा. एक बाजू कोरडी राहून गरम हवा येते ती याच बुजलेल्या भोकांमुळे. लाकडी तंतूंच्या जाळ्या दरवर्षी बदलाव्यात. नव्या जाळ्यांचा वास आठवडाभर टिकतो असं वाटत असेल तर पहिल्यांदा पंखा न लावता नुसता पंप अर्धा तास चालवा आणि ते पिवळं पाणी ओतून द्या.

कूलरला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो वापरायचा नाही. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, एक दिवस कोरडी ठेवायची. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवड्याच्या आसपासच लागतो.

छताचा पंखा मंद फिरत असेल तर बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा असतो. साध्या छताच्या पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर लिहिलेलं पाहूनच आणा. एमसीबी खाली पाडून बदलायचा. वायरिंगची सवय नसेल तर हे काम यादीतून खोडून टाका.

या दोन तासांत घरातल्या बाकीच्यांनी झोपावं. ही सुट्टीच आहे.

शुक्रवार संध्याकाळ: फिलर, चीक आणि चंद्र

साडेपाचला गच्चीवर. चरीवर तळहात ठेवून पाहा. ओल नको, आणि हात भाजेल इतकी गरमही नको. तापलेल्या स्लॅबवर भरलेला फिलर वरून पटकन सुकतो, आतून कच्चा राहतो आणि भेगेला समांतर नवी बारीक भेग पडते. पातीनं दाबून, हवा न ठेवता भरा, वरून गच्चीला समपातळीत ओढा. दहा फूट भेगेला अर्धा तास पुरतो. इथून पुढे २४ तास त्याला विसरायचं.

खाली उतरून गहू वाटायला घ्या. तीन दिवस भिजलेला दाणा बोटांत चिरडला की दुधासारखा पांढरा चीक बाहेर यायला हवा. तो येत नसेल तर आणखी एक रात्र थांबा. घाई केलेल्या गव्हाला चीक कमी पडतो. मिक्सरच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत गहू आणि बुडेल इतकं पाणी घालून थांबून थांबून वाटा. भांडं गरम झालं तर चीक चिकट होतो. आधी पुरणाच्या चाळणीतून, मग मलमलच्या कापडातून गाळा. चोथा पुन्हा एकदा पाणी घालून वाटा आणि पिळा. कापड पिळायला हाताला जोर लागतो, तो घरातल्या पुरुषांनी लावावा. तीन दिवसांची सुट्टी आणि शिवाय वाळवणं म्हटलं की घरातल्या बाईची सुट्टी कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे. चोथा टाकू नका. तिखट-मीठ, ओवा, तीळ घालून त्याच्या भुसवड्या होतात.

गाळलेलं पाणी पातेल्यात झाकून रात्रभर हलवायचं नाही.

सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि साधारण त्याच वेळी पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र वर येतो. गच्ची धुतलेली आहे, ब्रश-बादल्या उचललेल्या आहेत. रात्रीचं जेवण वरच नेलं की स्वयंपाकघर आठला बंद होतं. दही-भात, लोणचं, भाजलेले पापड आणि दुपारी पेठ-हरसूलकडून आलेल्या बायांकडून घेतलेली करवंदं. याच्यापलीकडे काही मांडायची गरज नाही. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांकडे, म्हणजेच पांडवलेणीकडे, मोठी गर्दी असते. दर्शनाला जायचं असेल त्यांनी पहाटे जावं आणि फक्त लेणी पाहायची असतील त्यांनी रविवार धरावा.

शनिवार: चिकाची सकाळ

सहाला उठून पातेल्यावरचं पिवळसर पाणी हळूच ओतून टाका. तळाशी घट्ट, पांढरा चीक बसलेला असेल. तो ढवळून वाटीनं मोजा. जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी, चीक फारच घट्ट असेल तर पाव वाटी जास्त. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, चवीपुरतं मीठ, पाव चमचा हिंग आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळू द्या. आच मंद करा, एकानं चीक बारीक धारेनं सोडायचा, दुसऱ्यानं लाटण्यानं किंवा लाकडी दांड्यानं न थांबता हाटत राहायचं. इथे हात थांबला की गुठळ्या होतात आणि त्या सोऱ्याच्या भोकात अडकतात. गोळा घट्ट झाला की झाकण ठेवून मंद आचेवर १० ते १५ मिनिटं वाफ द्या, मधे दोनदा हलवा. पांढरा रंग जाऊन काचेसारखी चमक आली आणि ओल्या हाताला चिकटेनासा झाला की शिजला. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून छान पडतो, पण वाळल्यावर कुरडईचा हात लावताच चुरा होतो. कुरडया मोडतात त्याचं बहुतेक वेळा हेच कारण.

कुरडया घालण्याआधी वाटी-वाटी गरम चीक सगळ्यांना. कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल आणि तिखट घालून. वर्षातून एकदाच मिळणारा नाश्ता आहे, तो उभ्या उभ्या उरकू नका.

मग गच्चीवर, भेगेच्या विरुद्ध टोकाला, जाड प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घाला. सोऱ्यात चीक गरमच भरायचा. गार झाला की दाबायला दोन माणसं लागतात आणि तारा तुटतात. उरलेलं पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवलं तर शेवटपर्यंत मऊ राहतो. साडेआठपर्यंत संपवा. दुपारनंतर वरची बाजू कडक झाली की उलटा आणि पाचला गोळा करून घरात आणा. पुरेशा वाळायला अजून एक ते दोन उन्हं लागतील, ती खालच्या अंगणात किंवा गॅलरीत दिली तरी चालतात. एक मोडून पाहायची. मधे वाकली तर आत ओल आहे, डब्यात भरली की बुरशी धरेल.

शनिवारी दुपारी काहीच ठेवलेलं नाही, आणि ते मुद्दाम.

संध्याकाळी सहाला भेगेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच झाडून, ओल्या फडक्यानं पुसून कोटिंगचा पहिला हात. डब्यावर लिहिलं असेल तितकंच पाणी घालून पातळ करा. तो ओला असतानाच फायबर जाळीची पट्टी बसवून ब्रशनं दाबा, सुरकुती राहू देऊ नका. एक लिटरमध्ये दोन हातांची साधारण १५ ते २० चौरस फुटांची पट्टी होते. कठड्याच्या सांध्याला गच्चीवर सहा इंच आणि भिंतीवर सहा इंच असा कोटिंगचा पट्टा न्या.

रविवार

पहाटे सहाला दुसरा हात, पहिल्याच्या आडव्या दिशेनं, या वेळी पाणी न घालता. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर गच्चीच्या दाराला कडी, कारण लहान मुलं आणि मांजरं ओल्या कोटिंगवर हमखास पाय उमटवतात.

घराबाहेर पडायला ही उत्तम वेळ आहे. त्र्यंबकेश्वर, वाइनरी आणि सापुतारा या सुट्टीत पाहुण्यांसाठी सोडून द्या. त्यातच सिंहस्थाच्या कामांनी रस्ते जागोजागी खोदलेले आहेत. पांडवलेणी मात्र शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, आणि तिकीट खिडकी उघडते त्याच वेळी पोहोचलात तर पायऱ्या चढताना ऊन डोक्यावर नसतं. एकूण २४ लेणी आहेत. मुलं सोबत असतील तर सगळी पाहायचा अट्टहास नको. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचे पराक्रम तिनं त्यात नोंदवले आहेत. दहावं क्षत्रप (शक राजा) नहपानाच्या काळातलं. याच नहपानाचा सातकर्णीनं पराभव केला. अठरावं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. एवढी तीन नीट पाहिली तरी दीड तास जातो. माणशी एक लिटर पाणी घ्या आणि दहाच्या आत खाली उतरा.

घरी आमरस. चार माणसांना मध्यम आकाराचे सहा-सात हापूस. तासभर पाण्यात ठेवून मग पिळा. मिक्सरमध्ये फिरवलेल्या रसाला फेस येतो आणि पोत जातो. दुधाऐवजी चमचाभर साजूक तूप आणि चिमूटभर सुंठ. फळ सगळीकडून एकसारखं पिवळं पण दाबल्यावर टणक लागत असेल आणि देठापाशी वास नसेल, तर ते घाईनं पिकवलेलं आहे, घेऊ नका.

रविवारी दुपारनंतर घरातली कोणतीही वस्तू उघडायची नाही. नवा आवाज ऐकू आला तरी नाही. प्लंबर फोन उचलत नाही, दुकान बंद असतं आणि सोमवारी सकाळी आंघोळीला पाणी लागतं.

गच्चीची चाचणी लगेच घेऊ नका. कोटिंगला सात दिवस द्या. पुढच्या रविवारी सकाळी पावसाच्या पाइपाचं तोंड कापडाच्या बोळ्यानं बंद करा, भेगेभोवती विटा आणि मातीचा बांध घालून एक इंच पाणी साठवा आणि पाण्याच्या कडेला खडूनं खूण करून २४ तास तसंच ठेवा. मे महिन्याच्या उन्हात काही पाणी नुसतं उडूनही जातं, म्हणून शेजारी त्याच उंचीच्या पाण्याची एक परात ठेवा. दोन्हींकडे सारखंच पाणी कमी झालं आणि खालच्या छतावरचा डाग वाढला नाही, तर काम झालं. बांधातलं जास्त उतरलं असेल तर पाऊस यायला अजून महिना आहे. डागापासून चढाच्या बाजूला पुन्हा शोधायला लागा. बोळा काढायला विसरू नका.